अकरा श्लोक आणि एक गाणे

सन २००० च्या आगेमागे महाविद्यालयात शिकणारी पिढी आता पन्नाशीकडे झुकू लागली आहे आणि तिलाही गतकाळाची ओढ लागली आहे. ज्येष्ठांना याचे हसू येते. भावगीतांच्या काळासाठी हळहळणे त्यांना रास्त वाटते. ‘ऐका दाजिबा’साठी हळहळणे मात्र पोरकट. हा पक्षपात झाला.

१९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. ‘आभाळमाया’ मालिकेचे अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत घरोघरी पोहोचले. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ने पावसाची गाणी तरुणांच्या ओठी आणली होती. २००२ च्या सुमारास अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने लग्नाच्या मांडवात धमाल उडवून दिली, २००३ मध्ये सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ रंगमंचावर आला. मराठी गाणे मित्रांसमोर बिनदिक्कत गुणगुणता येते, हे त्या चार-पाच वर्षांनी शिकवले. जैन समाजात चित्रपटगीतांच्या चालींवर स्तवने म्हणण्याची रीत जुनीच. ‘कहो ना प्यार है’च्या चालीही तिच्यातून सुटल्या नाहीत. त्यावरून वडीलधारे रागावत, मुले मात्र स्तवन चटकन पाठ करीत.

नाशिकच्या रविवार पेठेतील एका घरात त्या काळात एकच टेपरेकॉर्डर होता. म्हसरूळच्या गजपंथा क्षेत्राचे दर्शन घेऊन आल्यावर आजींनी त्यावर आपल्या आवाजात मानतुंगाचार्यांचे भक्तामर स्तोत्र ध्वनिमुद्रित केले. अठ्ठेचाळीस श्लोक, साठ मिनिटांच्या कॅसेटची जेमतेम एक बाजू. वरून कोणी काही भरू नये म्हणून मुलाने कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकले. हा उपाय तेव्हा सर्वांना ठाऊक होता. त्यावरचा उताराही ठाऊक होता : त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येई.

नातवाने २००२ मध्ये तेच केले. दूरदर्शन संचावर ‘ऐका दाजिबा’ लागले, हाताशी कोरी कॅसेट नव्हती. जी सापडली ती मध्येच कुठेतरी थांबलेली. ती न उलगडता त्याने तशीच घातली, टेपरेकॉर्डर संचासमोर धरला आणि कळ दाबली. वर्षभरात आजी गेल्या. कॅसेट लावून पाहिली तेव्हा एकतिसाव्या श्लोकानंतर खट्‌ असा आवाज झाला आणि गाणे सुरू झाले. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे नातू अजून म्हणतो.

पुढे घर गंगापूर रोडवर गेले आणि कॅसेट माळ्यावरच्या डब्यात पडून राहिली. नाशिकचा पावसाळा फितींना मानवत नाही. त्यांना बुरशी धरते. गेल्या वर्षी नातवाने ती साफ करून घेतली आणि तिच्यातील ध्वनी संगणकावर उतरवून घेतला. पूर्वी गाणे सुरू होताच यंत्र बंद केले जात असे, त्यामुळे पुढचे कोणी ऐकलेच नव्हते. गाणे चार-पाच मिनिटांत संपते, पुन्हा खट्‌ आवाज येतो आणि आजींचा स्वर त्रेचाळिसाव्या श्लोकापासून शेवटपर्यंत निर्वेधपणे चालू राहतो. अकरा श्लोक तेवढे गेले.

संचासमोर धरलेल्या टेपरेकॉर्डरने गाण्याबरोबर घरही टिपले होते. कुकरची शिट्टी, दाराची कडी आणि कडव्याच्या मध्यावर आजींची हाक : दिवस मावळतोय, आधी जेवून घे. उतरवून देणाऱ्या माणसाने हा व्यत्यय काढून गाणे स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवली. नातवाने ती नाकारली.

वडिलांना त्या गाण्यात आजही रस नाही. ते रोज पहाटे एकतीस श्लोक ऐकतात, यंत्र थांबवून पुढचे अकरा स्वतः म्हणतात आणि मग त्रेचाळिसाव्यापासून आईचा आवाज पुन्हा लावतात. मधले गाणे नातू ऐकतो, एकटा असताना.