फौजीची बदली मोजता, कोयत्याची का नाही?



फौजीच्या पोराला शाळेत आधी जागा मिळते म्हणून आपल्यातलेच काही जण बोटे मोडतात. ते आधी थांबवा. फौजी आभाळातून पडत नाही. पाच एकर कोरडवाहूत, कपाशी अन् ज्वारीवर दोन भावांचे भागत नाही, म्हणून धाकटा भरतीच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या पोराला जागा मिळाली तर दिवा आपल्याच घरात लागला.

शिवाय त्या सवलतीला कारण आहे. बापाची बदली झाली की पोराची शाळा तुटते. याचसाठी केंद्रीय विद्यालये निघाली. १९६३ साली पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. प्रवेश देताना बापाच्या गेल्या ७ वर्षांतल्या बदल्या मोजतात. बदल्या जास्त, त्याचा नंबर आधी. रास्त आहे. (सैनिकी शाळांचे निराळे. साताऱ्याची शाळा १९६१ सालची. पोरे वसतिगृहातच राहतात, तिथे बदलीचा संबंध नाही. तरी जातीनिहाय राखीव जागा सोडून उरलेल्यांत २५ टक्के सैनिकांच्या मुलांना. तो मान आहे, असू द्या.)

आता थोरल्या भावाकडे बघा. बोंडअळीने कपाशी नेली, ज्वारीला पाऊस नाही. मुकादमाची उचल घेतली, नवराबायकोचा कोयता झाला, दसरा-दिवाळीला बिऱ्हाड कारखान्यावर. पोर कोपीत धाकट्याला सांभाळते. पाडव्याच्या आसपास परत. सात वर्षांत सात वेळा जाणे, सात वेळा येणे. या बदल्यांचा नंबर कोणत्या वहीत लागतो?

लागतो, पण उलटा! नवोदय विद्यालय खेड्यातल्या पोरांसाठी काढले. ७५ टक्के जागा ग्रामीण भागाच्या. अट काय? पाचवीचे अख्खे वर्ष त्याच जिल्ह्यातल्या शाळेत हवे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही पूर्ण वर्षे ग्रामीण शाळेत काढलेली हवीत. बीडचे पोर दिवाळीनंतर कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडावर गेले, तिथल्या शाळेत नाव घातले, की अटीत बसत नाही. म्हणजे फिरतीवर शिकले म्हणूनच बाद. फौजीच्या पोराला जे हलणे गुण देते, तेच कोयत्याच्या पोराला अपात्र करते.

साहेब म्हणतील, जवानाला सरकार हलवते, तुम्ही मर्जीने जाता. मर्जी? अंगावर उचल असलेल्याने एकदा नाही म्हणून बघावे, मुकादम मर्जी समजावून सांगेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यायचे लिहिले आहे. दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. स्थलांतरित पोरांना शिक्षण हमी कार्डही देतात. (हमी या शब्दाची चव कापूसवाल्याला वेगळी सांगायला नको.) पण ते कार्ड नवोदयच्या खिडकीवर चालणार नसेल तर त्याचा कागद कशाला?

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव आणायचा आहे. फडावरच्या शाळेतले महिने हमी कार्डावर धरून नवोदयला पात्र मानावेत, आणि केंद्रीय विद्यालयात बापाच्या बदल्या मोजतात तशा कोयत्याच्या फेऱ्या मोजाव्यात. प्रत्येक गावाने तिसरी ते पाचवीतली, यंदा बिऱ्हाडासोबत जाणारी पोरे मोजून आकडा बैठकीला आणावा. मुख्याध्यापकाची सही घ्या. दसऱ्याआधी. नंतर गावात मोजायला पोरे राहणार नाहीत.