आघाडीचं सरकार आणि आपला ऊस



2024 च्या लोकसभा निवडणुकीची चर्चा आपल्या भागात अजून थांबलेली नाही. पारावर, सोसायटीच्या कट्ट्यावर, काट्यापुढं रांगेत उभ्या गाड्यांपाशी तीच बोलणी. कोण आला, कोण पडला, कुणी कुणाचं काम केलं नाही. या सगळ्याचा आपल्या उसाच्या बिलाशी काय संबंध, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हे चार शब्द.

त्या निवडणुकीत 543 पैकी भारतीय जनता पक्षाला 240 जागा मिळाल्या. बहुमताला 272 लागतात. 2014 आणि 2019 साली त्या पक्षाला एकट्याला बहुमत होतं, या खेपेस नव्हतं. तेलुगु देसमचे 16, संयुक्त जनता दलाचे 12 आणि इतर मित्रांचे खासदार धरून 9 जून 2024 रोजी सरकारचा शपथविधी झाला. जुलैत अर्थसंकल्प आला, त्यात आंध्रच्या अमरावती राजधानीसाठी 15,000 कोटींची तजवीज झाली. बिहारच्या रस्त्यांनाही भरघोस पैसा मिळाला. त्यांनी काही वावगं केलं, असं आमचं म्हणणं नाही. त्यांनी मागितलं, त्यांना मिळालं.

आता आपल्याकडं बघा. महाराष्ट्राचे खासदार 48, म्हणजे तेलुगु देसमच्या बरोबर तिप्पट. त्यात महाविकास आघाडीचे 30, महायुतीचे 17 आणि एक अपक्ष. तो अपक्ष आपल्या सांगलीचाच, विशाल पाटील. वाळवा आणि शिराळा हे तालुके हातकणंगले मतदारसंघात, तिथं शिवसेनेचे धैर्यशील माने आले. कराडकडचा ऊस साताऱ्याच्या मतदारसंघातला, तिथं भाजपचे उदयनराजे भोसले आले. कृष्णाकाठच्या एका पट्ट्यात तीन खासदार, तिघांचे झेंडे तीन. उसाला मात्र झेंडा नसतो. तो गव्हाणीत पडला की त्याचा उतारा तेवढा बघतात.

आघाडीचं सरकार आलं म्हणजे शेतकऱ्याचं भलं, असंही कुणी समजू नये. 1977 साली दिल्लीत जनता पक्षाचं कडबोळं सरकार आलं. त्या सरकारनं ऑगस्ट 1978 मध्ये साखर नियंत्रणमुक्त केली. उत्पादन भरमसाट होतं, भाव कोसळले, कारखाने अडचणीत आले. डिसेंबर 1979 मध्ये अंशतः नियंत्रण परत आणावं लागलं. मधल्या काळात चरणसिंगांच्या सरकारात आपले यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले, पण ते सरकार लोकसभेला सामोरंच गेलं नाही. भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच.

दुसरं उदाहरण 2009 चं. एफआरपी आणताना केंद्रानं अशी मेख मारली होती की, राज्यानं जास्त दर जाहीर केला तर वरचा फरक राज्यानंच भरावा. उत्तर प्रदेशातले ऊसवाले नोव्हेंबरात थेट दिल्लीत जाऊन बसले. विरोधी पक्षांनी संसद अडवली. सरकारला ते कलम मागं घ्यावं लागलं. तेव्हाही आघाडीचंच सरकार होतं.

एकाच पक्षाचं मजबूत सरकार बरं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरा पेन्सिल घ्यावी. 2017-18 ची एफआरपी साडेनऊ टक्के उताऱ्याला क्विंटलला 255 रुपये होती. 2018-19 ला ती 275 झाली, पण पायाभूत उतारा 10 टक्के केला. जुन्या दरानंच 10 टक्क्यांला 268 रुपये 42 पैसे होत होते. म्हणजे 20 रुपयांतली खरी वाढ 6 रुपये 58 पैसे! 2022-23 ला तेच. 290 चे 305 झाले, पाया सव्वादहावर गेला, खरी वाढ पावणेआठ रुपये. आपल्या भागाचा उतारा चांगला, म्हणून त्या वरच्या टक्क्यांचं मोल आपल्यालाच जास्त. मजबूत सरकारातही याबद्दल कुणी अडवून विचारलं नाही.

दुसरी बाजू कारखान्याची. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला. 2024 ची निवडणूक झाली तोवर त्यात एक पैसाही वाढला नव्हता. त्याच काळात एफआरपी 340 वर गेली. सव्वादहा उताऱ्याच्या एका टनात साडेएकशेदोन किलो साखर, 31 रुपयांनी तिचे होतात 3,177 रुपये. उसाचे द्यायचे 3,400. बाजार चढा असला तर भागतं. पडला तर आधाराला काय? त्यात डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधन आलं. कर्ज काढून प्रकल्प उभे केलेल्यांना त्याचा चटका बसला.

शहरातल्या ग्राहकाला साखर महाग पडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण स्वस्ताईचा सगळा भार ऊसवाल्याच्या डोक्यावर का?

तेव्हा आमची सूचना अशी. वार्षिक सभेत आपण अहवाल-वाचनाला हात वर करतो आणि चहा पिऊन घरी येतो. त्याऐवजी तीन ठराव करावेत. पायाभूत उतारा परत वाढवू नये. साखरेचा किमान दर एफआरपीशी जोडावा. इथेनॉलचं धोरण गाळप सुरू होण्याआधी ठरावं आणि हंगामात बदलू नये. हे ठराव तिन्ही खासदारांना द्यावेत, आणि संसदेत कुणी काय विचारलं ते पुढच्या सभेत वाचून दाखवावं. शेजारच्या कारखान्यांच्या सभासदांनीही तेच करावं.

मत कुणाला द्यायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मत दिल्यावर काम संपलं, असं मात्र समजू नये. आघाडीत जो मागतो त्याचंच ताट वाढलं जातं. आपण अजून पंगतीबाहेरच उभे आहोत.

— एक ऊस उत्पादक सभासद, माधवनगर