जिवाणूचे गणित खुले, मग जीवनसत्त्व कुलुपात का?

बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही आणि कोणताही प्राणी तयार करत नाही. ते फक्त जिवाणू व त्यांच्यासारख्या काही सूक्ष्मजीवांनाच जमते. दूध, अंडी, मांस यांच्यातून ते माणसापर्यंत येते. ज्याच्या ताटात भाकरी आणि वरण एवढेच आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. परिणाम काय? रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा.

२०२३ साली आपल्या राज्यात शालेय पोषण आहारात अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. राहिला रेशनचा तांदूळ. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्यास मंजुरी दिली. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालायचे ठरले. मानकाप्रमाणे किलोमागे बी-१२ लागते ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार क्विंटल तांदळाची सोय होते! एवढ्याशा वस्तूसाठी आपण कोणाच्या दारात उभे आहोत, हा प्रश्न गंगाखेडच्या रेशन दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही आहे.

वुडवर्ड आणि एशेनमोझर या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये बी-१२ प्रयोगशाळेत जोडून दाखवले. त्यासाठी सुमारे शंभर संशोधक खपले. कारखान्याला हा मार्ग परवडत नाही. म्हणून कारखानदार मोठ्या टाकीत जिवाणू वाढवतो आणि त्याच्याकडून हे काम करून घेतो. हे उत्पादन आज मोजक्या कंपन्यांच्या, विशेषतः चीनमधील कंपन्यांच्या हाती आहे. मोजक्या हातांचा अनुभव जगाने घेतलेला आहे. जीवनसत्त्वांचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल १९९९ मध्ये अमेरिकेत रोश कंपनीला ५० कोटी डॉलर आणि बीएएसएफला २२.५ कोटी डॉलर दंड झाला. २००१ मध्ये युरोपीय आयोगाने आठ कंपन्यांना मिळून ८५ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला.

आता कायदा पाहू. पेटंट असेल तर त्याची मुदत वीस वर्षे असते. जनतेची गरज भागत नसेल तर कलम ८४ नुसार सक्तीचा परवाना मागता येतो. २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरील औषधाबाबत नॅटको कंपनीला असा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशे रुपयांवर आला. परंतु कंपनीने आपला सुधारलेला जिवाणू पेटंट न घेता तिजोरीत ठेवला तर? व्यापारी गुपिताला मुदत नाही आणि त्यावर सक्तीचा परवानाही नाही. गुपित कोर्टातून मिळत नाही, आपला मार्ग आपणच शोधावा लागतो.

हा मार्ग शोधण्याचे साधन म्हणजे जिवाणूच्या चयापचयाचे गणिती प्रतिमान. जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला ते लगेच कळेल. चारीच्या तोंडाशी जेवढे पाणी आले, तेवढेच पुढच्या फाट्यांत वाटले जाते. जिवाणूच्या पेशीत साखर शिरते आणि हजारो अभिक्रियांच्या फाट्यांतून वाटली जाते. कोणता फाटा बंद केला, कोणता रुंद केला म्हणजे जीवनसत्त्वाकडे जास्त जाईल, याचा हिशोब संगणक मांडतो. सगळे पाणी एकाच शेतात वळवले तर बाकीचे पीक वाळते. तसेच जिवाणूला स्वतः वाढण्यापुरते ठेवूनच हा हिशोब करावा लागतो. ई. कोलाय या जिवाणूचे २०१७ चे प्रतिमान १,५१५ जनुके आणि २,७१९ अभिक्रियांचे आहे. ते कोणालाही मोफत मिळते. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धतीवर पेटंट मिळतच नाही.

अर्थात कागदावरचा हिशोब म्हणजे भरलेली टाकी नव्हे. ई. कोलायला मुळात बी-१२ करता येत नाही. चीनमधील तियानजिनच्या संशोधकांनी इतर जिवाणूंची २८ जनुके त्यात घालून २०१८ मध्ये ते करून दाखवले आणि उत्पादन सुमारे २५० पट वाढवले. हे प्रयोगशाळेतले यश होते. परंतु ते छापून प्रसिद्ध झाले, आपणही वाचू शकतो.

मग आपल्याकडे काय कमी आहे? १९५४ साली पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मराठवाड्यात उसाची मळी आहे. बी-१२ साठी परदेशात बीटची मळी वापरतात, कारण तिच्यात बीटेन हे द्रव्य भरपूर असते आणि उसाच्या मळीत ते फारसे नसते. ही उणीव कशाने भरून काढता येईल, हाच प्रश्न आधी प्रतिमानाला विचारावा आणि मग टाकी भरावी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारी पैशातून तयार होणारा जिवाणू एकाच कंपनीला आंदण देऊ नये, परवाना सर्वांना खुला ठेवावा. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि नांदेडचे विद्यापीठ यांनी हे गणित मराठीतून शिकवावे. त्याला लागतो एक संगणक आणि शिकवणारा माणूस. गंगाखेडच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीला फक्त स्लाइडवरचा जिवाणू दाखवून परत पाठवायचे, की त्याचा हिशोब तिच्या हाती द्यायचा, हे विद्यापीठांनी येत्या अभ्यासक्रमातच ठरवावे.