थकवा, काढे आणि हिशेबाची वही

मीरा-भाईंदरहून लोकलने परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात केमोथेरपीसाठी जाणाऱ्या रुग्णाला प्रवासापेक्षा औषधाचाच शीण अधिक होतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. दुकानाच्या गादीवर तासभर बसणेही जड होते. मग आप्तेष्ट मायेने चूर्णे आणि काढे घेऊन येतात.

अशा थकव्यावर चिनी वैद्यक जिनसेंग व ॲस्ट्रॅगॅलस देते; आपल्याकडे अश्वगंधा सुचवली जाते. तिन्ही मुळेच आहेत, हे कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३६४ रुग्णांच्या चाचणीत अमेरिकन जिनसेंगने आठ आठवड्यांनंतर थकवा काहीसा कमी झाला.

तथापि वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अंगणातल्या सदाफुलीपासूनच व्हिन्क्रिस्टीन हे केमोथेरपीचे जहाल औषध मिळते. अश्वगंधेने काहींच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या अनेक औषधांचा निचरा यकृतच करते.

थकव्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉईडचा दोष असल्यास तो तपासणीत सापडतो व त्यावर उपचार होतो. डॉक्टरांच्या संमतीने झेपेल तेवढे रोज चालण्यानेही थकवा हलका होतो.

व्यापारी घरात पै-पैचा हिशेब वहीत उतरतो. तशीच एक वही रुग्णाच्या उशाशी असावी: तारीख, पुडीचे नाव, मात्रा. प्रत्येक खेपेस ती डॉक्टरांपुढे उघडावी. काढा लपवला आणि यकृताचा अहवाल बिघडला, तर दोष केमोवर येतो आणि गुणकारी औषधच कमी केले जाते.