ताणलं तर किती ताणतं?

‘लाडक्या बहिणीं’नी पंधराशे रुपयांचं केलं काय, हा प्रश्न 2024 च्या ऑगस्टपासून पुरुषमंडळींना फार छळतो आहे. चारोटी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून तलासरीच्या एसटी स्टँडपर्यंत कुठेही कान द्या. कुणी म्हणतं साड्या घेतल्या, कुणी म्हणतं मोबाइलचे रिचार्ज मारले. बाईच्या हातात पैसा आला की तो ‘उडवला’च जातो, असं यांचं ठरलेलं. पण मैत्रिणींनो, या प्रश्नाला अर्थशास्त्रात एक साधं उत्तर आहे. बी.ए.ला असताना आपण ते पाठ करून पेपरात लिहिलं आणि विसरून गेलो. त्याचं नाव लवचिकता.

नाव ऐकून घाबरू नका. साडीच्या परकरातलं इलॅस्टिक आणि नाडी यांतला फरक ज्या बाईला कळतो, तिला लवचिकता कळलीच म्हणून समजा. एक गोष्ट थोडी ओढली की दुसरी किती ताणली जाते, एवढंच मोजायचं.

समजा, एका घरात महिन्याला दहा हजार रुपये येतात. त्यात पंधराशेची भर पडली, म्हणजे उत्पन्न पंधरा टक्के वाढलं. आधी वीस किलो तांदूळ लागायचा, आता एकवीस किलो लागला, तर तांदळाची मागणी पाच टक्के वाढली. पाच भागिले पंधरा, म्हणजे एक तृतीयांश. ही झाली तांदळाची उत्पन्न लवचिकता. त्याच घरात महिन्याला वीस अंडी यायची, ती तीस येऊ लागली, तर वाढ पन्नास टक्के. पन्नास भागिले पंधरा, तीनाहून जास्त! पोट भाताने आधीच भरलेलं असतं. नवा पैसा अंडी, दूध, फळं, मुलीचे क्लास, डॉक्टर यांच्याकडे धावतो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच हे मांडलं होतं की, उत्पन्न वाढत गेलं की त्यातला अन्नावर जाणारा वाटा कमी होत जातो.

आपल्या देशाचे आकडेही तेच सांगतात. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीत 1999-2000 मध्ये ग्रामीण घराच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा 22 टक्के होता. 2022-23 च्या पाहणीत तो 5 टक्क्यांच्याही आत आला. (यात रेशनवर फुकट मिळालेलं धान्य धरलेलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.) त्याच पाहणीत शीतपेयं, फरसाण, बिस्किटं, बाहेरचं तयार खाणं यांचा वाटा मात्र साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. वाढीव पैसा सगळाच दुधा-अंड्यांकडे जातो असं नाही, तो पाच रुपयांच्या पुड्यांकडेही जातो. टपरीवरच्या मंडळींनी साड्या मोजण्यापेक्षा त्या पुड्या मोजाव्यात. त्या काही फक्त बायका आणत नाहीत.

आता याची दुसरी बाजू बघा. जे ताणलं जातं ते तितक्याच जोरात मागेही येतं. योजनेचा हप्ता लांबला किंवा यादीतून नाव गेलं, तर तांदूळ कमी होत नाही. पहिली कात्री अंड्यांना लागते, मग दुधाला, मग मुलीच्या क्लासला. म्हणून पंधराशे रुपये किती, याइतकाच ते वेळेवर येतात का, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

काही वस्तूंची तऱ्हा उलटी. पैसा वाढला की त्यांची मागणी घटते. पुस्तकात त्यांना ‘निकृष्ट वस्तू’ म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही, कारण या यादीत सरपण येतं, आणि डोक्यावर मोळी घेऊन चार कोस चाललेल्या बाईला ते निकृष्ट म्हणण्याची माझी हिंमत नाही.

सरपणावरून छेदक लवचिकतेकडे येते. एका वस्तूचा भाव बदलला की दुसरीच्या मागणीवर काय परिणाम होतो, ते ही सांगते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते, तेव्हा डहाणूच्या बाजारात सुकट आणि सुक्या बोंबलाची टोपली लवकर रिकामी होते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा आमटीत चिंचेचा कोळ पडू लागला. या एकमेकींची जागा घेणाऱ्या वस्तू. चहा आणि साखर मात्र जोडीने चालणाऱ्या. चहापत्ती फार महाग झाली तर साखरही कमी खपणार.

गॅस आणि लाकूड ही आपल्याकडची सगळ्यात मोठी जोडी. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि पाड्यापाड्यांवर शेगडी पोचली. ही फार मोठी गोष्ट झाली, ते नाकारायचं कारण नाही. पण शेगडी पोचणं वेगळं आणि ती रोज पेटणं वेगळं. 2019-20 मध्ये देशभरातल्या उज्ज्वला घरांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेतले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने तीन सिलिंडर फुकट दिले, त्या वर्षी सरासरी चारच्या वर गेली. मुंबईत 14.2 किलोचं सिलिंडर 2023 च्या मार्चमध्ये अकराशेच्या वर गेलं होतं. मग ऑगस्ट 2023 मध्ये 200 रुपये उतरले, 8 मार्च 2024 ला आणखी 100 उतरले, आणि एप्रिल 2025 मध्ये 50 परत चढले. उज्ज्वलावाल्यांना ऑक्टोबर 2023 पासून सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान सुरू झालं. आपल्या राज्याने 2024 मध्ये अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत द्यायचं ठरवलं. भाव उतरला की सरासरी चढते, 2024-25 मध्ये ती साडेचारच्या आसपास पोचली. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर मात्र सहा-सात सिलिंडर तरी लागतात.

मधली तूट कोण भरतं? जंगल भरतं आणि बाई भरते.

डहाणू रोडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घराला गॅस कितीही महागला तरी चूल पेटवता येत नाही. तिथे लाकडाची छेदक लवचिकता शून्य. त्या घरात गॅस येणारच, फक्त दुसरा कुठला तरी खर्च कापला जाईल. पाड्यावर मात्र रान हाकेच्या अंतरावर आहे, मोळीला पैसे पडत नाहीत, म्हणून गॅस थोडा महागला की लगेच चूल धगधगते. तिथे ही लवचिकता भरपूर. आणि गंमत अशी (गंमत कसली!) की मोळीचा भाव कुठल्याच महागाईच्या आकड्यात येत नाही. सकाळचे तीन तास, मानेचं दुखणं, डोळ्यांत जाणारा धूर यांची पावती फाटत नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही एकदा साधा हिशेब केला. मोळीसाठी आठवड्यातून दोन सकाळी गेल्या, तर महिन्याला आठ अर्धे दिवस, म्हणजे चार पूर्ण रोज बुडाले. चार दिवसांची मजुरी आणि एक सिलिंडर शेजारी मांडून बघा. मजुरीचं काम मिळत असेल त्या महिन्यात गॅसच स्वस्त पडतो. काम नसेल त्या महिन्यात मोळी ‘फुकट’. भात लावणीच्या दिवसांत शेगडी पेटते आणि उन्हाळ्यात चूल, ते यामुळेच. त्या बायकांना अडाणी म्हणू नका, त्यांचा हिशेब बरोबर आहे.

तिसरी लवचिकता पुरवठ्याची, आणि पिकवणाऱ्या-विकणाऱ्या बायकांचं नशीब हिच्या हातात असतं. भाव वाढला तर माल किती वाढवता येतो? 2023 चा टोमॅटोच घ्या. एप्रिल-मेमध्ये नाशिक-नारायणगावकडे भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, उभी पिकं सोडून दिली. जुलैत भाव आकाशाला भिडले, पण रोप लावल्यापासून फळ हाती यायला दोन-अडीच महिने लागतात. शहरं कितीही ओरडली तरी आठवड्यात टोमॅटो कुठून येणार? ऑगस्टमध्ये नेपाळहून माल मागवला गेला. भाव बघून लावलेलं पीक सप्टेंबरमध्ये एकदम आलं आणि भाव पुन्हा आपटला.

टोमॅटोला निदान अडीच महिन्यांनी तरी संधी असते. आपल्या चिकूचं काय? 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण भाव चढला म्हणून झाड जास्त फळ देत नाही. नवं कलम लावलं तर भरघोस उत्पन्नाला सात-आठ वर्षं. आणि भाव पडला म्हणून फळ झाडावर थांबतही नाही. तोडलेला चिकू आठवड्याच्या आत पिकतो, मग व्यापारी म्हणेल तो भाव. विक्रमगड-जव्हारकडच्या मोगऱ्याची त्याहून वाईट गत. पहाटे खुडलेली कळी त्याच दिवशी दादरच्या बाजारात पोचली तर सोनं, नाहीतर संध्याकाळी कचरा. ज्याचा माल थांबू शकत नाही, त्याला घासाघीस करता येत नाही.

म्हणूनच चिकूच्या चिप्स आणि पावडर यांच्याकडे मी फावल्या वेळचा उद्योग म्हणून बघत नाही. चकत्या करून वाळवलेला चिकू काही महिने टिकतो. आज भाव नाही तर पुढच्या महिन्यात विकू, असं म्हणण्याची ताकद त्यातून येते. फक्त गटांनी एक जपावं. सगळ्यांनी मिळून तेच चिप्स केले आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर चिप्सचाही टोमॅटो होईल.

एक वस्तू अशी आहे की तिचा पुरवठा कितीही पैसे ओतले तरी वाढत नाही, ती म्हणजे जमीन. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, आणि ऑगस्ट 2024 मध्ये भूमिपूजन झालेलं 76 हजार कोटींचं वाढवण बंदर, या सगळ्यांची नजर आपल्याच जिल्ह्यातल्या जमिनीवर आहे. मागणी वाढली की सगळा ताण भावावर येतो, आणि एकदा विकलेली जमीन त्याच पैशात पुन्हा मिळत नाही. आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, हा कायदा आहे म्हणून थोडा आडोसा आहे. भरपाईचा चेक मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याच नावाने निघतो. आपल्या पाड्यातल्या किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, हे तलाठी कार्यालयात जाऊन मोजायला अर्धा दिवस पुरतो.