आकडा पाठवला, वाचणार कोण?

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी ताप चढला, तर दिल्लीतील आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या रुग्णाला एम्स रिक्षाच्या अंतरावर आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून गडचिरोलीला परतलेल्या रुग्णासाठी तेच अंतर शेकडो किलोमीटरचे होते. शस्त्रक्रियेनंतरच्या डिजिटल साधनांचे मोल ठरवायचे ते या दुसऱ्या रुग्णाकडे पाहून.

या साधनांना शास्त्रीय आधार आहे. चीनमधील एक यादृच्छिक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १६६ रुग्णांनी वेदना, खोकला, थकवा, धाप आणि झोपमोड यांना ० ते १० गुण दिले. गुण नोंदवण्याचे काम दोन्ही गटांनी केले. मात्र एकाच गटात ४ किंवा त्याहून अधिक गुण येताच शल्यचिकित्सकांना सूचना जाई. त्रास घटला तो त्याच गटात. म्हणजे नुसत्या मोजमापाने रुग्ण बरा होत नाही. मोजमापाला मिळणारा प्रतिसाद त्याला सावरतो.

आपल्याकडे मोजमापही सरळ नाही. मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात मोठे आहे आणि जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना स्पष्ट बोलता येत नाही. ई-संजीवनीसारखी दूरसल्ला सेवा २०१९ पासून उपलब्ध असली, तरी अशा रुग्णाला चित्रांची आणि मराठी बटणांची सोय हवी. पाय ओढत चाललेली मंद पावले मोबाइलमधील त्वरणमापक बरेचदा कमी मोजतो. मग चालणारा रुग्णही अंथरुणाला खिळलेला दिसतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर निचरानळीतून किती मिलिलिटर द्रव आला, याची नोंद रोज ठेवावी लागते. घरातील एकमेव स्मार्टफोन मुलाच्या खिशात असेल, तर जखमेचे छायाचित्र आधी त्याच्या डोळ्यांखालून जाणार. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीची अट घालतो. तो संकोच दूर करू शकत नाही.

म्हणून कोणतेही ॲप स्वीकारण्यापूर्वी रुग्णालयांनी एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे: रात्री दोन वाजता आलेली धोक्याची सूचना कोण वाचणार आणि किती वेळात उलट फोन करणार? त्या परिचारिकेचे नाव ड्यूटीच्या तक्त्यावर हवे आणि तिचे वेतन प्रकल्पाच्या खर्चात धरलेले हवे. एवढी तरतूद नसेल, तर गडचिरोलीतून निघालेला आकडा सर्व्हरवर सुखरूप पोहोचेल आणि रुग्ण तापाने फणफणत राहील.