तीन इंच उंची आणि त्यानंतरचे वर्ष

२०२५ साली ‘मटेरियलिस्ट्स’ नावाचा एक अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. न्यूयॉर्क शहरात विवाह जुळवण्याचा व्यवसाय करणारी तरुणी ही त्याची नायिका. तिच्या परिचयात आलेला एक देखणा, सुशिक्षित आणि गडगंज श्रीमंत पुरुष सर्व दृष्टींनी ‘उत्तम स्थळ’ असतो. पुढे तिला कळते, की या गृहस्थाने आपल्या दोन्ही पायांची हाडे कापून घेऊन उंची सहा इंचांनी वाढवली आहे. तिला दिसतात ते त्याच्या पायांवरील व्रण. शस्त्रक्रियेचा दिवस आणि ते व्रण यांच्यामधला दीर्घ काळ मात्र प्रेक्षकांपुढे येत नाही.

नेमका तोच काळ आम्हांला आजच्या चर्चेचा विषय करावयाचा आहे. उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात आता मोबाइलच्या पडद्यावर घरोघरी पोहोचली आहे. ‘किती इंच’ आणि ‘किती लाख’ हे दोन आकडे त्या जाहिरातीत ठळकपणे दिलेले असतात. त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत रुग्णाची सेवा कोण करणार, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तोच पहिला प्रश्न असावयास हवा.

मूळ उपचार कोणासाठी होता?

या शस्त्रक्रियेचा जन्म सौंदर्याच्या हव्यासातून झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाच्या सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह हे जखमी सैनिकांच्या न जुळणाऱ्या हाडांवर उपचार करीत होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पायाभोवती बसणारी धातूची कडी आणि हाडातून आरपार जाणाऱ्या ताणलेल्या तारा यांची एक रचना सिद्ध केली. कापलेल्या हाडाचे दोन भाग या यंत्राच्या साहाय्याने अगदी सावकाश दूर नेले, तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते, हे त्यांच्या ध्यानात आले.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक जिंकणारे व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झाले. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर त्यांचा पाय बरा केला तो डॉ. इलिझारोव्ह यांनीच. १९८० साली इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी आपला आखूड झालेला पाय घेऊन कुर्गानला गेले आणि बरे होऊन परतले. त्यांचा पाय पाहून थक्क झालेल्या इटालियन डॉक्टरांनी १९८१ साली डॉ. इलिझारोव्ह यांना व्याख्यानासाठी बोलावले आणि तेथून ही पद्धत पाश्चात्त्य जगात पसरली. आपल्या महाराष्ट्रातही, अगदी अकोल्यासारख्या शहरातसुद्धा, या पद्धतीचे खास उपचार-केंद्र उभे राहिले. पोलिओने एक पाय आखूड राहिलेली मुले, अपघातात हाडाचा तुकडा गमावलेले तरुण, जन्मतः वाकडे पाय घेऊन आलेली बालके यांच्यासाठी ही पद्धत वरदान ठरली आहे. तिच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

हाड वाढते, पण...

या उपचारात मांडीचे किंवा नडगीचे हाड कापले जाते. पाच ते सात दिवस थांबून मग दोन टोके दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने दूर नेली जातात, तीही एकदम नव्हे, तर बहुधा पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत. तीन इंच म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या ताणण्यालाच पंचाहत्तर दिवस लागतात. ताणणे संपल्यावर मधले नवे हाड कोवळे असते. ते शरीराचा भार पेलण्याइतके कठीण होण्यास याहूनही अधिक काळ जातो. बाहेरून बसवलेल्या यंत्राच्या बाबतीत वाढीव सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना, असा ढोबळ हिशेब डॉक्टर सांगतात.

हाड वाढते, पण स्नायू, कंडरा, नसा आणि रक्तवाहिन्या हाडाइतक्या तत्परतेने वाढत नाहीत. त्या ताणल्या जातात आणि बहुतेक दुखण्यांचे मूळ येथेच आहे. नडगी वाढवली, की पोटरीचे स्नायू आखडतात आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. मांडीचे हाड वाढवले, की गुडघा ताठर होतो. नसेवर ताण आला, तर पावलाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि वेळीच लक्ष दिले नाही, तर पाऊल वर उचलता येत नाही. तारा किंवा खिळे जेथे त्वचेतून आत जातात, तेथे जंतुसंसर्ग होणे तर नित्याचेच. कधी नवे हाड तयार होण्यास फार विलंब लागतो, तर कधी ते अपेक्षेपूर्वीच जुळून बसते आणि पुन्हा कापावे लागते. कधी हाड वाकडे वाढते. हाडातील चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसांत अडकणे किंवा पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसापर्यंत पोहोचणे, या दोन गोष्टी क्वचित घडत असल्या, तरी प्राणघातक ठरू शकतात.

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावयास हवा. ज्याचा एक पाय आखूड आहे, त्या रुग्णाला उपचाराच्या काळात उभे राहण्यासाठी दुसरा पाय असतो. केवळ उंचीसाठी येणाऱ्याचे मात्र दोन्ही निरोगी पाय बहुधा एकाच वेळी कापले जातात. परिणामी आधाराला कुबड्या, चाकांची खुर्ची आणि घरची माणसे एवढेच उरते.

या क्षेत्रातील नामवंत शल्यचिकित्सक डॉ. ड्रॉर पेली यांनी १९९० साली या दुखण्यांचे एक वर्गीकरण मांडले. शस्त्रक्रियेविना सुटते ती ‘अडचण’, पुन्हा शस्त्रक्रिया करून सुटतो तो ‘अडथळा’ आणि उपचार संपल्यावरही मागे उरते ती खरी ‘गुंतागुंत’. डॉक्टरांसाठी हे वर्गीकरण उपयुक्त आहे. परंतु जाहिरातीत ‘गुंतागुंत अत्यल्प’ असे वाचताना ग्राहकाने विचारावे, की अडचणी आणि अडथळे या हिशेबात धरले आहेत काय? दोनदा पुन्हा शस्त्रक्रियागृहात जाऊन आलेला रुग्णही कागदोपत्री ‘गुंतागुंतीविना बरा झालेला’ असू शकतो.

नवे यंत्र, जुनाच धोका

अलीकडच्या वर्षांत बाहेरच्या कड्यांची जागा हाडाच्या पोकळीत बसणाऱ्या चुंबकीय सळईने घेतली आहे. पायावर बाहेरून एक यंत्र धरले, की आतली सळई लांबते. जखमा कमी होतात, व्रण लहान राहतात. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र सळईलाही मर्यादा आहेत. हाड कठीण होण्यापूर्वी पूर्ण भार दिला, तर ती वाकू किंवा मोडू शकते आणि पुढे ती काढण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते.

या संदर्भात ‘स्ट्राइड’ या सळईची कथा बोधप्रद आहे. शस्त्रक्रियेनंतर लवकर चालता यावे, म्हणून ती स्टेनलेस स्टीलची बनवण्यात आली होती. अमेरिकेत २०१८ साली तिला मान्यता मिळाली आणि उंचीसाठी येणाऱ्यांत ती विशेष लोकप्रिय झाली. पुढे काही रुग्णांच्या हाडांत सळईच्या सांध्याजवळ विकृत बदल दिसू लागले, तेथे धातू गंजत असल्याचे आढळले आणि २०२१ साली ती बाजारातून परत घेण्यात आली. ज्यांच्या हाडांत ती आधीच बसवली होती, त्यांना पुन्हा तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांना सामोरे जावे लागले. आजारी माणसाने असा धोका पत्करला, तर त्यामागे निरुपाय असतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

बाजारपेठ आणि घराबाहेरचे गुपित

चीनमध्ये एकेकाळी या शस्त्रक्रियेचे मोठे पेव फुटले होते. अनेकांचे पाय अधू झाल्यावर तेथील आरोग्य मंत्रालयाने २००६ साली केवळ उंचीसाठी ती करण्यास बंदी घातली. आज तुर्कस्तानातील इस्तंबूल हे या व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र आहे. शस्त्रक्रिया, हॉटेल, दुभाषी, विमानतळावरून ने-आण असे सर्व एकाच रकमेत दिले जाते. अमेरिकेत हा खर्च लाख डॉलरच्या घरात जातो, त्यामुळे स्वस्त देशाकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. प्रश्न उद्भवतो तो रुग्ण मायदेशी परतल्यावर. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हजारो मैल दूर असतो आणि गावातील अस्थिरोगतज्ज्ञाला ते यंत्र आणि पूर्वीची कागदपत्रे यांची कसलीच माहिती नसते.

आपल्या देशातही हा विषय नवा नाही. २०१६ साली हैदराबाद येथे विशीतील एका तरुणाने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा बेपत्ता झाला म्हणून आईवडिलांनी पोलिसांत धाव घेतली, तेव्हा तो रुग्णालयात असल्याचे उघड झाले. वृत्तपत्रांतील माहितीप्रमाणे त्याची उंची सुमारे पाच फूट सात इंच, म्हणजे मुळात कमी नव्हतीच. तो सज्ञान असल्याने कायद्याने त्याची स्वतःची संमती पुरेशी होती. पण संमतिपत्रावर सही करणारा एक असला, तरी पुढील वर्ष निभावून नेणारे सारे घर असते. त्या घराला अंधारात ठेवणे रुग्णाच्याच हिताचे नाही.

शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, मग तो वैद्यकीय कारणाने असो वा हौसेने, त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करणे अगत्याचे वाटते. फिजिओथेरपी हा या उपचाराचा गाभा आहे. वेदना होतात म्हणून ती टाळली, तर आखडलेला गुडघा किंवा घोटा कायमचा तसाच राहण्याचा धोका असतो. ताणण्याच्या काळात दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक्स-रे काढून नवे हाड कसे धरते आहे, हे पाहावे लागते आणि त्यानुसार वेग कमी-जास्त करावा लागतो. लवकर संपावे म्हणून स्वतःच्या मनाने वेग वाढवणे घातक आहे. खिळ्यांच्या जागांची स्वच्छता डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नियमित करावी. धूम्रपान पूर्णतः बंद असावे, कारण त्याने हाड जुळण्यास विलंब होतो. आहारात प्रथिने पुरेशी असावीत, ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी आणि वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पोटरी एकाएकी सुजली व दुखू लागली, पाऊल बधिर झाले किंवा वर उचलेनासे झाले, खिळ्यापाशी पू आला, ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने स्थानिक डॉक्टरांपासून शस्त्रक्रिया लपवून ठेवणे हे सर्वांत मोठे संकट होय. महिनोन्महिने घरात अडकून पडलेल्या रुग्णाच्या मनाचीही काळजी घ्यावी लागते. निराशेची चिन्हे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

ख्रिस्तसभेची कसोटी

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पाप आहे काय, असा प्रश्न भाविक विचारतात. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, आपल्या निधनापूर्वी अवघे पाच दिवस, इटलीतील प्लास्टिक सर्जन मंडळींपुढे याच विषयावर विवेचन केले होते. अशी शस्त्रक्रिया मुळातच निषिद्ध आहे, असे त्यांनी म्हटले नाही. हेतू शुद्ध असावा, आरोग्याला मोठा धोका नसावा आणि पत्करलेल्या जोखमीच्या प्रमाणात कारणही सबळ असावे, अशा कसोट्या त्यांनी घालून दिल्या. पोलिओग्रस्त मुलीचा पाय लांबवणे या कसोट्यांना सहज उतरते. धडधाकट तरुणाने तीन इंचांसाठी दोन्ही पाय पणाला लावणे कितपत उतरते, हे वर सांगितलेल्या माहितीवरून वाचकांनीच ठरवावे.

तथापि, केवळ त्या तरुणाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. विवाहाच्या जाहिरातींत ‘उंच वर हवा’ असे छापणारे आपणच आहोत. शाळेत ‘बुटक्या’ म्हणून हाक मारणारे, घरात दोन भावांची उंची पाहुण्यांसमोर मोजणारेही आपणच. गर्दीमुळे येशूला पाहू न शकलेला ठेंगणा जक्कय झाडावर चढला, तेव्हा येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी मुक्काम केला. त्याच्या उंचीविषयी येशू एक शब्दही बोलला नाही.

आमची पालकांना विनंती आहे, की मुलगा किंवा मुलगी उंचीविषयी बोलू लागली, तर थट्टेवारी नेऊ नका, रागावूही नका. त्यांना निवांत बोलू द्या. एकाऐवजी दोन स्वतंत्र अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्या आणि हे दुःख शरीराचे आहे की मनाचे, हे समजून घेण्यासाठी समुपदेशकाकडेही जा. विवाहपूर्व शिबिरे आणि युवक मेळावे भरवणाऱ्या आमच्या धर्मग्रामांतील कार्यकर्त्यांनीही हा विषय मोकळेपणाने चर्चेला घ्यावा. आणि ज्याने शस्त्रक्रिया करून घेतलीच आहे, त्याच्या घरी न्यायाधीश म्हणून जाऊ नये. त्याला फिजिओथेरपीला नेणारे वाहन आणि जिन्यावर आधार देणारा खांदा हवा असतो. तो देणे शेजाऱ्याला सहज शक्य आहे.